रक्तसंवर्धनातील संदूषण

रोग्याच्या नीलेतून काढलेले रक्त पोषक द्रवात मिसळून, शरीराच्या तापमानाइतक्या उष्णतेत काही दिवस ठेवून, त्यात सूक्ष्मजंतूंची वाढ होते किंवा कसे हे पाहण्याच्या परीक्षेस रक्तसंवर्धन म्हणतात. जंतुरक्तता, आंत्रज्वर, हृदयाच्या अंतःस्तराचा दाह, नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग इ. विकारांत रोगकारक जंतू कोणता व तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे निश्चितपणे सांगणारी ही परीक्षा आहे. रोग्याच्या रक्तात नसलेले, पण त्वचा, हात, सुई, बाटलीचे बूच किंवा हवा यांवाटे नमुन्यात शिरलेले जंतू बाटलीत वाढले, तर त्यास संदूषण म्हणतात. अशा वेळी परीक्षेचे उत्तर ‘जंतू आढळले’ असे येते. परंतु ते उत्तर रोग्याविषयी नसून रक्त काढणाऱ्या हाताविषयी असते.

संदूषणाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत. रोग्याला नको असलेली प्रतिजैविके दिली जातात, रुग्णालयातील मुक्काम वाढतो, पुन्हा रक्त काढावे लागते आणि तापाचे खरे कारण शोधण्याचे काम मागे पडते. अमेरिकेत बॉस्टन येथे झालेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संदूषित नमुने निघालेल्या रोग्यांवरील प्रयोगशाळेचा खर्च २० टक्क्यांनी व नीलेवाटे दिलेल्या प्रतिजैविकांचा खर्च ३९ टक्क्यांनी अधिक आढळला. जेथे खाटा, औषधे व वाहने मोजकी असतात, तेथे ही किंमत अधिक जाणवते. त्यामुळे महानगरांतील रुग्णालयांइतकाच हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्यासारख्या दुर्गम तालुक्यांनाही लागू पडतो.

पूर्वपीठिका : निरोगी प्राण्याचे रक्त निर्जंतुक असते, ही कल्पना रक्तसंवर्धनाच्या मुळाशी आहे. ल्वी पाश्चर (१८२२–९५) यांनी १८६३ मध्ये जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिनीतून हवेचा संपर्क टाळून थेट काचपात्रात रक्त घेतले. उबदार जागी बरेच दिवस ठेवूनही ते कुजले नाही. कुजविणारे जंतू रक्तात आपोआप उत्पन्न होत नाहीत, ते बाहेरून येतात, हे त्यावरून दिसून आले. या प्रयोगातून दोन निष्कर्ष निघत होते. रक्तात जंतू वाढले, तर ते रोगाचे लक्षण होय, हा पहिला. आणि रक्त घेताना कसूर झाली, तर निरोगी माणसाच्या रक्तातही जंतू ‘सापडतील’, हा दुसरा. पुढील शंभर वर्षांत पहिल्या निष्कर्षाचा जितका विस्तार झाला, तितके लक्ष दुसऱ्याकडे दिले गेले नाही.

जंतूंचे वाहन म्हणून माणसाच्या हाताकडे वैद्यकाचे लक्ष त्याआधीच वेधले गेले होते. व्हिएन्नातील इग्नाझ झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी १८४७ मध्ये प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले व सूतिकाज्वराने होणारे मृत्यू एकदम घटले. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८६७ पासून शस्त्रक्रियेत कार्बॉलिक अम्लाचा वापर रूढ केला. रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८१ च्या सुमारास घन पोषक माध्यमावर जंतू वाढविण्याची पद्धत दिली. निरनिराळ्या जातींचे जंतू घन माध्यमावर वेगवेगळ्या ठिपक्यांच्या रूपात वाढतात; त्यामुळे शुद्ध संवर्धन कोणते व भेसळ कोणती, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. द्रव माध्यमात मात्र एक बाहेरचा जंतूही सर्व बाटली व्यापून टाकू शकतो. रक्तातील जंतू बहुधा अत्यंत विरळ असल्यामुळे रक्तसंवर्धनाला द्रव माध्यमच वापरावे लागते. संदूषणाचा धोका अशा रीतीने या परीक्षेच्या स्वरूपातच आहे.

हाँगकाँगमधील वाद : रक्ताच्या नमुन्यातील संभाव्य संदूषणाचे इतिहासातील सर्वांत गाजलेले उदाहरण १८९४ च्या हाँगकाँगमधील प्लेगच्या साथीतले आहे. जपानचे शिबासाबुरो किटासाटो (१८५३–१९३१) व फ्रेंच वसाहतींच्या आरोग्यसेवेतील आलेक्सांद्र येर्सँ (१८६३–१९४३) हे दोघे त्या वर्षीच्या जून महिन्यात काही दिवसांच्या अंतराने तेथे पोहोचले. किटासाटो यांना रुग्णालयात जागा व शवविच्छेदनाची सोय मिळाली. त्यांनी रोग्यांच्या व मृतांच्या गाठींतून, अवयवांतून आणि रक्तातूनही जंतू मिळविले. येर्सँ यांना अशी सोय नाकारण्यात आली. त्यांनी गवताने शाकारलेल्या एका झोपडीत प्रयोगशाळा थाटली आणि मुख्यतः मृतांच्या शरीरावरील गाठींतून द्रव काढून तपासला.

साधने ज्याच्यापाशी अधिक होती, त्याचे वर्णन मात्र अधिक संदिग्ध निघाले. येर्सँ यांनी वर्णिलेला जंतू ग्रॅम रंजकाने न रंगणारा व निश्चल होता आणि तोच प्लेगचा जंतू होय. किटासाटो यांच्या टिपणांत रंजनाविषयी व जंतूच्या हालचालीविषयी विसंगती होत्या. त्यांच्या काही संवर्धनांत प्लेगच्या जंतूबरोबर फुप्फुसगोलाणूंची भेसळ झाली असावी, असे मत पुढील संशोधकांनी मांडले. किटासाटो यांनी खरा जंतू पाहिला होता, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तरी जंतूच्या शास्त्रीय नावात येर्सँ यांचेच नाव राहिले. नमुना शरीराच्या कोणत्या भागातून व कशा रीतीने घेतला, यावर शोधाचे श्रेयही अवलंबून राहू शकते, हे या प्रकरणावरून दिसून येते.

मुंबईची प्रयोगशाळा : त्याच प्लेगने १८९६ मध्ये मुंबईत प्रवेश केला. मांडवी भागातील रोग्यांना झालेला ताप प्लेगचाच आहे, हे निदान त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने केले. सरकारने जंतुशास्त्रज्ञ व्हाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१८६०–१९३०) यांना कलकत्त्याहून पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळालेली जागा एक खोली व एक ओसरी एवढीच होती, तर मदतीला एक कारकून व तीन शिपाई होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. काही स्थलांतरांनंतर १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १९०६ मध्ये तिला मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा व १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव मिळाले.

हाफकिन यांच्या पद्धतीत मांसरसाच्या चंबूत प्लेगचे जंतू आठवडेच्या आठवडे वाढवीत. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले असत. या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून जंतूंची वाढ होई व गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे ती रसात खाली उतरे. चंबूला जरा धक्का लागताच हे सुळके तुटून तळाशी बसत. अशी वाढ हे प्लेगच्या जंतूचे वैशिष्ट्य मानले जाई व संवर्धन शुद्ध असल्याची ती एक खूणही होती. घरोघरी असलेल्या तुपाचा असा उपयोग जंतुशास्त्रात क्वचितच झाला असेल. वाढ पुरेशी झाल्यावर जंतू उष्णतेने मारून त्या द्रवात कार्बॉलिक अम्ल घालीत व तो लहान बाटल्यांत भरून देशभर पाठवीत.

परळच्याच प्रयोगशाळेत प्लेगच्या रोग्यांच्या रक्ताचेही संवर्धन करण्यात आले. प्लेग संशोधन आयोगाच्या १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी एक माणसातील प्लेगच्या जंतुरक्ततेविषयी होता. रोग्याच्या रक्तात जंतू किती आहेत व पिसवांमार्फत रोग पसरण्याशी त्याचा संबंध काय, हे प्रश्न त्या काळी महत्त्वाचे होते. भारतात रक्तसंवर्धनाचा पद्धतशीर वापर झाल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

मुल्कोवालची दुर्घटना : संदूषण नेमके कोणत्या टप्प्यावर झाले, हे ठरविणे किती अवघड असते व त्या निर्णयावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे मुल्कोवाल प्रकरणाने दाखवून दिले. हे प्रकरण लशीचे आहे, रक्ताच्या नमुन्याचे नाही. तथापि बाटली, बूच, चिमटा, सुई व हात ही साधने दोन्हींत तीच आहेत आणि जंतू शिरण्याचे दारही तेच आहे.

प्लेगची साथ पंजाबात पसरल्यावर लशीची मागणी फार वाढली. उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी परळ येथे नवी पद्धत अवलंबिण्यात आली. तीत निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवून कार्बॉलिक अम्ल वगळले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतील लस १०७ जणांना टोचण्यात आली. आठवडाभरातच त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. या सर्वांना ‘५३–एन’ असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, तीत शिरले असावेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक अम्ल वगळल्याचा ठपकाही हाफकिन यांच्यावर आला. त्यांना संचालकपद सोडावे लागले. लंडनमधील लिस्टर संस्थेचे मतही सर्वसाधारणपणे आयोगासारखेच पडले.

चौकशीची कागदपत्रे १९०६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मात्र दुसरी बाजू पुढे आली. बाटली उघडतेवेळी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत तापवून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बॉलिक अम्लाच्या द्रवात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत विपुल असतात व अशा अल्पकाळ बुडविण्याने ते मरत नाहीत. शिवाय धनुर्वाताच्या जंतूंच्या वाढीला उग्र दुर्गंधी येते. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस लोटले होते. इतका काळ हे जंतू तीत वाढत असते, तर बाटली उघडताच वास आल्यावाचून राहिला नसता. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी तर बाटलीतील द्रवाला कोणताही वास नव्हता, असे सांगितले होते. सर रॉनल्ड रॉस (१८५७–१९३२) व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. ते कलकत्त्यास रुजू झाले, परंतु परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही.

या प्रकरणातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. कित्येक आठवडे काटेकोरपणे सांभाळलेली शुद्धता अखेरच्या काही क्षणांत नाहीशी होऊ शकते, ही पहिली. सत्य उजेडात येऊ शकले ते नोंदींमुळे, ही दुसरी. बाटलीवर क्रमांक नसता व कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतील लस दिली याची नोंद नसती, तर दोष सर्व लशीवर आला असता. तिसरी गोष्ट अशी, की चूक एका हाताची असली, तरी तिची कारणे त्या हातापुरती नसतात. गर्दी, घाई, उघड्यावरचे काम व हाताशी ज्योत किंवा दुसरा निर्जंतुक चिमटा तयार नसणे, यांतून ती चूक घडत असते. यांतील बहुतेक गोष्टी आजच्या तातडीच्या उपचार विभागातही असतात.

परीक्षेचा प्रसार : जर्मन वैद्य हूगो शोटम्यूलर (१८६७–१९३६) यांनी १९०० मध्ये तापाच्या रोग्यांच्या रक्तातून उपांत्रज्वराचे जंतू वेगळे केले. १९१४ मध्ये त्यांनी शरीरातील एखाद्या केंद्रातून जंतू सतत किंवा वरचेवर रक्तात शिरून लक्षणे उत्पन्न करतात, अशी सेप्सिस या विकाराची व्याख्या मांडली. या काळापासून रक्तसंवर्धन ही संशोधनाऐवजी रोगनिदानाची परीक्षा बनत गेली. प्रत्येक तपासणीसाठी बाटलीचे तोंड उघडून आतील द्रव काढावा लागे, ही संदूषणाची एक मोठी वाट होती. कास्तान्येदा यांनी १९४७ मध्ये सुचविलेल्या बाटलीत एका बाजूस घन व तळाशी द्रव माध्यम असे. बाटली नुसती कलती केली, की द्रव घन माध्यमावरून वाहून जाई व बूच न उघडता जंतूंची वाढ पाहता येई. जंतूंनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू ओळखणारी यंत्रे १९७० नंतरच्या दशकात आली. बाटल्यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारी स्वयंचलित यंत्रे १९९० पासून उपलब्ध झाली.

प्रयोगशाळेच्या आतील संदूषणाच्या वाटा अशा प्रकारे एकेक करून बंद होत गेल्या. आता ते मुख्यतः रोग्याच्या खाटेपाशी, सुई त्वचेतून शिरते त्या क्षणी होते. त्वचेवर पुंजगोलाणूंच्या काही निरुपद्रवी जाती व इतर जंतू सदैव वसलेले असतात. पृष्ठभागावरील जंतू जंतुनाशकाने मरतात, परंतु सु. एक-पंचमांश जंतू केसांच्या मुळांशी व ग्रंथींत खोल दडलेले असतात. सुईच्या टोकाने निघालेल्या त्वचेच्या सूक्ष्म कणाबरोबर ते बाटलीत जाऊ शकतात. हेच जंतू कृत्रिम झडपा किंवा नीलेत दीर्घकाळ ठेवलेल्या नळ्या असलेल्या रोग्यांत खरा संसर्गही करतात. त्यामुळे ते आढळले, की संदूषण समजून सोडून देणेही सुरक्षित नसते. यावर उपाय म्हणून दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून दोन स्वतंत्र नमुने घेतात. त्वचेवरील जंतू दोहोंपैकी एकाच नमुन्यात आढळल्यास ते बहुधा संदूषण असते.

तातडीच्या उपचारांतील संदूषण : एकूण नमुन्यांपैकी संदूषित नमुन्यांचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी असावे, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता. २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळा-मानक संस्थेने उत्तम कार्यपद्धती पाळल्यास १ टक्क्याचे उद्दिष्ट गाठावे, असे सुचविले. रुग्णालयाच्या इतर कक्षांच्या तुलनेने तातडीच्या विभागात हे प्रमाण सामान्यतः अधिक असते. रोगी अस्वस्थ असतो, रक्तदाब उतरल्याने नीला सापडत नाही, नातेवाईक भोवती असतात व एकाच परिचारिकेला अनेक कामे एकाच वेळी करावी लागतात. दुसरीकडे, गंभीर सेप्सिसमध्ये पहिल्या तासाच्या आत प्रतिजैविक देणे आवश्यक असते व रक्ताचा नमुना त्याआधी घ्यावा लागतो, कारण औषध दिल्यानंतर जंतू वाढेनासे होतात. नमुना घेण्यासाठी औषधाला फार उशीर करणे मात्र योग्य समजले जात नाही.

या घाईतही संदूषण कमी करता येते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. फ्रान्समधील १९९९ च्या एका अभ्यासात त्वचेसाठी पाण्यातील पोव्हिडोन-आयोडिनाऐवजी अल्कोहॉलमिश्रित क्लोरहेक्सिडीन वापरल्यावर प्रमाण ३.३ वरून १.४ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील एका तातडीच्या विभागात रक्तसंवर्धनासाठी लागणारे निर्जंतुक साहित्य एकाच संचात बांधून दिले व प्रत्येक पायरीची सूची ठरविली, तेव्हा ४.३ टक्के असलेले प्रमाण १.७ टक्क्यांवर उतरले (२०१३). २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेब्रास्का येथील अभ्यासात सुईतून येणारे पहिले सु. दीड ते दोन मिलि. रक्त बाटलीत न घालता वेगळे काढण्यात आले, संदूषण १.७८ टक्क्यांऐवजी केवळ ०.२२ टक्के आढळले. त्वचेचा कण असतो तो या पहिल्या रक्तातच, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

नमुना घेण्याची आजची सर्वमान्य रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम हात धुऊन नीला बोटाने चाचपून निश्चित करतात. मग त्वचा जंतुनाशकाने घासून पुसतात व ती पूर्ण वाळेपर्यंत थांबतात. ओल्या त्वचेवर सुई टोचल्यास जंतुनाशकाला काम करण्यास अवधी मिळत नाही. पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावीत नाहीत. लावणे अपरिहार्य असल्यास निर्जंतुक हातमोजा वापरतात. बाटलीवरचे प्लॅस्टिकचे टोपण काढल्यावर खालचे रबरी बूच निर्जंतुक नसते, म्हणून तेही अल्कोहॉलाने पुसून वाळू देतात. पूर्वी नीलेत बसविलेल्या नळीतून शक्यतो रक्त घेत नाहीत. प्रौढाच्या रक्ताच्या प्रत्येक मिलि.मध्ये अनेकदा एकाहूनही कमी जंतू असल्याने प्रत्येक वेळी सु. २० मिलि. रक्त दोन बाटल्यांत विभागून घेतात. अर्भकाच्या बाबतीत एखाददुसऱ्या मिलि.वर भागवावे लागते. शेवटी बाटलीवर रोग्याचे नाव, वेळ व टोचल्याची जागा लिहितात. या सर्व पायऱ्यांत सर्वाधिक वेळा टाळली जाते ती त्वचा वाळेपर्यंत थांबण्याची; ती जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते.

दुर्गम भागातील प्रश्न : अक्कलकुवा हा महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यातील, गुजरातला लागून असलेला तालुका. उत्तरेस नर्मदा व मध्ये सातपुड्याच्या रांगा असल्याने त्याचे मैदानी व डोंगराळ असे दोन भाग पडतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला, तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. वस्ती बहुतांशी भिल्ल व इतर आदिवासी समाजांची आहे. मोलगी परिसरातील पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याची उदाहरणे वरचेवर घडली आहेत. नर्मदेच्या जलाशयाकाठच्या गावांसाठी नावेवरील तरंगत्या दवाखान्याची सोय करावी लागली.

या भागात ताप म्हणजे हिवताप, असे गृहीत धरून बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेण्याची प्रथा जुनी आहे. ती परीक्षा आवश्यकच आहे, परंतु ती जंतुरक्ततेविषयी काही सांगत नाही. सिकलसेल या नावाने परिचित असलेला दात्र-कोशिका पांडुरोग सातपुड्यातील आदिवासींत बऱ्याच प्रमाणात आढळतो. या विकारात प्लीहेचे कार्य मंदावल्याने रक्तात शिरलेल्या जंतूंचा नाश नीट होत नाही. त्यामुळे अशा रोग्याला, विशेषतः बालकाला, आलेला तीव्र ताप हा तातडीचा प्रसंग समजतात व रक्तसंवर्धनासाठी नमुना घेऊन लगेच प्रतिजैविक देतात. या विकाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली; तिचा भर रोगी व वाहक ओळखण्यावर आहे.

ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर रक्तसंवर्धनाची सोय सहसा नसते. अक्कलकुव्याच्या रोग्याचा किंवा त्याच्या नमुन्याचा प्रवास नंदुरबारकडे होतो. तेथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापूर्वी धुळे किंवा गुजरातमधील सुरत हेच मोठे आधार होते. रक्त घातलेल्या बाटल्या शीतकपाटात ठेवू नयेत व त्या काही तासांच्या आत यंत्रात जाव्यात, असा नियम आहे. तापी खोऱ्यातील उन्हाळ्यात पारा ४० से.च्या वर जातो, तेव्हा बंद वाहनातील बाटलीचे तापमान सांभाळणे हेही नमुना घेण्याइतकेच काळजीचे काम ठरते. मोठ्या रुग्णालयात नमुना संदूषित निघाला, तर तासाभरात दुसरा घेता येतो. येथे दुसरा नमुना घेण्याचे ठरेपर्यंत औषध सुरू झालेले असते आणि रोगी कदाचित पाड्यावर परतलेला असतो. म्हणून पहिलाच नमुना निर्दोष असण्याला येथे वेगळे महत्त्व आहे.

रक्तसंवर्धन शक्य नसेल, तेथे उपचार थांबवावेत असा मात्र याचा अर्थ नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गाचे निदान केवळ लक्षणांवरून करून घरीच प्रतिजैविके देण्याची पद्धत बसविली. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथे नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तथापि केवळ लक्षणांवर चालणाऱ्या उपचाराला कोणती प्रतिजैविके निवडावीत, हे त्या प्रदेशात कोणते जंतू आढळतात व ती औषधे त्यांवर अद्याप चालतात किंवा कसे, यावरून ठरत असते. ते ज्ञान कोठेतरी काळजीपूर्वक घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांतूनच मिळते. नमुने संदूषित असतील, तर त्यांवर आधारलेली औषधांची निवडही चुकते व ज्या रोग्याचे रक्त कधीच तपासले गेले नाही, त्यालाही त्याचा फटका बसतो.

संदूषण पूर्णपणे टाळणे आजही शक्य झालेले नाही. ते कमी करणारे उपाय मात्र फारसे खर्चिक नाहीत : योग्य जंतुनाशक, एकत्र बांधलेले साहित्य, पहिले रक्त वेगळे काढणे, दोन जागांचे नमुने, बाटलीवरील पूर्ण नोंद आणि दर महिन्याला संदूषित नमुने मोजून ती संख्या नमुने घेणाऱ्यांना कळविणे. शेवटच्या उपायात दोषी शोधण्याचा हेतू नसावा. मुल्कोवालच्या चौकशीत दोषी ठरविण्याची घाई झाली व चिमट्याची गोष्ट सर्वांपुढे येण्यास चार वर्षे लागली.